हेळव्याच्या वहीतल्या दोन ओळी

सासऱ्यांशी माझं पहिलं भांडण येशूच्या आजोबांवरून झालं. भांडण म्हणजे मीच भांडलो, ते चहा पीत राहिले.

मी उमरग्याला ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. बायको तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. ती ख्रिस्ती, मी मुरुमकडच्या शेतकरी घरातला. लग्न कोर्टात झालं आणि देव ज्याचा त्याच्यापाशी राहिला. तिचे वडील येडशीला असतात. रेल्वेत होते, रुळांचे सांधे बदलण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. ईस्टरच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जातो. प्रार्थनेहून आलं की ते चहाबरोबर शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलात चौघांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांतला, एखादा भाग मोठ्यानं वाचतात. पहिल्या वर्षी मी जाण्याआधी चारही शुभवर्तमानं वाचून काढली होती. भक्तीनं नव्हे, पेपर तपासावेत तशी. हातात लाल पेन नव्हतं एवढंच.

येशूची वंशावळ दोन ठिकाणी दिली आहे, पहिल्या शुभवर्तमानात आणि तिसऱ्यात. दोन्ही दावीद राजापर्यंत जातात, पण एक त्याच्या एका मुलाकडून उतरते आणि दुसरी दुसऱ्या मुलाकडून. पुढची बहुतेक नावं जुळत नाहीत. येशूची आई मरिया, तिचा नवरा योसेफ; या योसेफाच्या बापाचं नावसुद्धा दोन्हींत वेगळं. मी म्हणालो, "बाबा, चौघांपैकी दोघांनाच आजोबा आठवले आणि त्या दोघांचं एकमत नाही. असा पुरावा मी विद्यार्थ्याकडूनही घेत नाही."

"बरोबर हाय," ते म्हणाले.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण समोरचा लगेच कबूल झाला की मला जास्त चेव येतो. मी क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला त्या रिकाम्या कबरीकडे वळलो. पहाटे कबरीकडे बायका गेल्या, त्या किती? एक म्हणतो दोन, एक म्हणतो तीन, तिसरा म्हणतो आणखी काही होत्या, चौथ्याच्या गोष्टीत एकटीच दिसते. आत कोण दिसलं, एक की दोघं? त्यातही मेळ नाही. सासरे म्हणाले, "आमच्याकडं डबा घसरला की चौकशी व्हायची. चार जणांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की साहेब पहिल्यांदा आमच्याकडंच बघायचा, म्हणायचा, बसून ठरवलंय तुम्ही."

मी याची वाटच पाहत होतो. म्हणालो, पहिल्या तिघांत वाक्यंच्या वाक्यं सारखी आहेत, म्हणजे एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय. नक्कल ओळखण्यात माझी सहा वर्षं गेली आहेत. बायको मध्येच म्हणाली, "म्हणजे सारखं असलं तर कॉपी आणि वेगळं असलं तर चूक. मग त्यांनी लिहायचं तरी कसं?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तिचा मुद्दा बिनतोड होता म्हणूनच केलं.

त्या दिवशी सासऱ्यांनी आणखी एक सांगितलं. जुन्या काळच्या एका पंडितानं आजोबांचा उलगडा असा केला होता म्हणे: दोघं भाऊ होते, एक निपुत्रिक वारला, त्याच्या नावानं दुसऱ्याला मुलगा झाला, म्हणून कायद्याचा बाप एक आणि रक्ताचा एक. मी इतका हसलो की कपातला चहा बशीत सांडला. मी त्याला पळवाट म्हणालो, आणि शिक्षकाच्या आवाजात म्हणालो. सासरे रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "जावईबापू, पळवाटच असंल. पण चौघांचं मिळून एकच पुस्तक करायचा घाटबी एकानं घातला होता म्हणं, लई जुन्या काळी. तसं वाचायचेबी लोक. तरी शेवटी हे चारच ऱ्हायले. दोन आजे हायत हे त्यांना दिसत नसंल का? एक खोडला असता तर तुमच्यासारख्याचं तोंड कायमचं बंद झालं असतं."

मी म्हणालो, यावरून राखणारे प्रामाणिक होते हे सिद्ध होतं, राखलेलं खरं होतं हे होत नाही. हे मी आजही म्हणतो. पण तेव्हा ते म्हणताना मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

यानंतर दर ईस्टरला वाचता वाचता बायकांच्या संख्येपाशी आले की सासरे चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि मी विचारायचो, "बाबा, बाया किती?" घरात तो ठरलेला विनोद झाला. बायको हसायची नाही.

तिच्या न हसण्यामागं दुसरंही काही होतं. माझ्या गावी तिला कुणी वाईट वागवलं नाही. चुलती तिला स्वयंपाकघरात जवळ बसवून घ्यायची, जाताना शेंगा-ज्वारी बांधून द्यायची. पण माझे थोरले चुलते, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणतं, तिच्याशी कधी बोलले नाहीत. माझे वडील लवकर गेल्यानं घरातला शब्द आप्पांचाच. पाणी हवं असलं तर ते तिच्यासमोर चुलतीला सांगायचे. चौदा वर्षांत त्यांनी तिला एक प्रश्न विचारला नव्हता. तू कुणाची, कुठली, हेसुद्धा नाही. ती गाडीत बसल्यावर एकदा म्हणाली होती, "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी त्या घरात आहे की नाही हेच कळत नाही मला." मी तिला वेळ जाऊ दे असं सांगितलं. वेळ जाऊ दे हे आमच्या घरातलं सगळ्यात स्वस्त औषध आहे.

गेल्या फाल्गुनात आप्पांचा फोन आला. "हेळवी येणार हाय ऐतवारी. ये तू. कागद हाय एक, बघायचाय."

हेळवी म्हणजे आमच्या सीमाभागात घराण्यांच्या वंशावळी राखणारा माणूस. सुगी झाली की ठरलेल्या गावांना, ठरलेल्या घरी येतो. पण एका घरी त्याचा फेरा पाचसात, कधी बारातेरा वर्षांनीही पडतो. घरात कोण जन्मलं, कोण गेलं, कोणत्या गावची सून आली, हे घरचा वडीलधारा सांगतो आणि हेळवी वहीत लिहितो. मग मूळपुरुषापासून सगळी वंशावळ घरादारासमोर मोठ्यानं वाचतो, सुपातलं धान्य नि कपडा घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्याचे वाडवडील बैलावर बसून यायचे, हा मोटारसायकलवर येतो. वही मात्र तीच, जुनी पानं शिवून शिवून वाढलेली.

आप्पांचा कागद नातवाच्या जातीच्या दाखल्याचा होता. आमच्याकडे दोनतीन वर्षांत वंशावळ हा शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतो. भूकंपात घरातले जुने कागद मातीत गेले, म्हणून आप्पांनी तहसिलातून निजामाच्या वेळच्या नोंदीची नक्कल काढली, तिच्यावरून वंशावळ तयार केली, आणि हेळव्याच्या वहीचा आधार मिळाला तर बरं असं कुणीतरी त्यांना सांगितलं. दोन्ही जुळतात का हे बघायला घरात इतिहासाचा मास्तर होताच. बायको म्हणाली, "मी पण येते. मला ऐकायचंय."

रविवारी सकाळी ओट्यावर घोंगडी अंथरली होती. हेळवी पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कानावर पेन. चुलतीनं सुपात ज्वारी, हळदकुंकू, नारळ ठेवला. बायका दाराच्या आत बसल्या, त्यांत माझी बायको. हेळव्यानं लाल फडकं सोडलं, वहीला डोकं टेकवलं आणि एका सुरात वाचायला लागला. अक्षर कानडी, बोली निम्मी कानडी, निम्मी आमची. मी आप्पांचा कागद मांडीवर घेऊन बोटानं नावं टिपत होतो. एक जुळलं, दुसरं जुळलं. तिसऱ्या पिढीला दोन भाऊ आले. तिथं माझं बोट अडलं.

कागदावर आप्पांच्या आजोबांचा बाप म्हणून थोरल्या भावाचं नाव होतं. हेळव्यानं वाचलं, थोरला, बायको अमुक गावची, पोटी संतान नाही. मग वाचलं, धाकटा, लग्न नाही. आणि त्याच दमात खालची ओळ वाचली: धाकटा, बायको मेंढरांच्या वाड्यावरची, पोटी एक लेक, तो थोरल्यानं मांडीवर घेतला. तो लेक म्हणजे आप्पांचे आजोबा.

"थांब," आप्पा म्हणाले. "लग्न न्हाय म्हणतोस, आन् लगीच बायको म्हणतोस. काय वाचतोस तू?"

"दोन येळची नोंद हाय, मालक. पैल्या येळी घरानं सांगितलं, लग्न न्हाय. धनगराची पोरगी आणली हुती, घरानं मानली नसंल. दुसऱ्या फेऱ्याला आमचा पणजा आला तवा घरानंच सांगितलं, बायको हाय, लेक हाय."

मी वहीवर वाकलो. कानडी मला वाचता येत नाही, पण शाई वाचता येते. वरची ओळ तांबूस पडलेली, खालची तिच्याहून गडद, हात तोच पण जरा थकलेला. दोन्हींच्या मध्ये किती वर्षं गेली कोण जाणे. त्या बाईचं नाव कुठंच नव्हतं. तहसिलातल्या नोंदीत तर तिचा मागमूसही नव्हता. तिथं दत्तक बापाचं नाव होतं, कायद्यानं अगदी बरोबर, आणि दोन वंशावळी एकमेकींवर ठेवून पाहिल्या तर जिथं त्या जुळत नव्हत्या तेवढ्या फटीतच ती बाई उभी होती. तिच्यापासून आप्पा, तिच्यापासून मी.

दोन भाऊ, कायद्याचा बाप एक आणि रक्ताचा एक. ज्याला मी येडशीला बसून चहा सांडेपर्यंत हसलो होतो, ते माझ्याच घरात माझ्याच पणजोबांच्या बाबतीत घडलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. यावरून त्या जुन्या पंडिताचं खरं ठरत नाही, हे मला ओट्यावर बसूनही कळत होतं. योसेफाच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही, त्या पंडितालाही नसेल. पण जुळत नाही म्हणजे रचलेलं आहे, हे माझं गणित तिथं मोडलं. रचणाऱ्यानं ही फट ठेवली नसती. मी वीस वर्षं पुरावा हा शब्द फळ्यावर लिहितो. पुराव्यानं माझ्याकडे वळून बघितल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आप्पांना वेगळंच वाटत होतं. ते त्या आजोबांच्या मांडीवर खेळलेले होते. ते हळूच म्हणाले, "ती वाड्यावरची ओळ खोड, लेक थोरल्याचा म्हणून ल्ही. कागदाशी जुळंल."

"न्हाय, मालक."

"म्या घरचा मोठा हाय. म्या सांगतोय."

"सांगा की, नवं सांगा, ल्हितो. आमचं काम ल्हायचं. ज्या साली घरानं जे सांगितलं ते त्या सालचं. पणज्याचं म्या खोडलं तर उद्या माझा नातू माझं खोडंल. मग ह्या वहीत ऱ्हातंय काय?" हे त्यानं भांडणाच्या स्वरात म्हटलं नाही. तो ज्वारीचा एक दाणा दातांखाली चावून बघत होता.

हेळवी पुढं वाचू लागला. आप्पांचे वडील, मग आप्पा, चुलती, त्यांची मुलं, सुना. मग माझे वडील, आई. मग माझं नाव आलं. हेळव्यानं वाचलं: लग्न नाही.

मला आधी वाटलं, तो ओळ चुकला. मग आठवलं की हेळवी मागं आला होता तो आमच्या लग्नानंतरच्या साली. मी तेव्हा गावी नव्हतो. घरच्या वडीलधाऱ्यानं सांगितलं असणार, आणि हेळव्यानं लिहिलं असणार. दाराच्या आत बायको होती. मी वळून बघितलं नाही, बघवलं नाही. घरात मी आहे की नाही, हा तिचा प्रश्न होता. त्याचं उत्तर इतकी वर्षं कानडी अक्षरांत लिहून ठेवलेलं होतं.

माझा राग मला माहीत आहे, तो आधी कानात येतो. मी म्हणालो, "खोडा ते. आत्ता खोडा. धडधडीत खोटं आहे ते. मी जिवंत साक्षीदार समोर बसलोय."

"खोटं असंल की," हेळवी म्हणाला. "पर ते बी कुणीतरी सांगितलेलंच हाय. खोडत न्हाय म्या."

एका तासात आम्ही दोघांनी त्याला खोडायला सांगितलं होतं. आप्पांनी खरी ओळ, मी खोटी. आप्पा मालकाच्या तोऱ्यात आणि मी इतिहासाच्या. दोघांनाही वही आपल्यासारखी हवी होती. मान्य करायला जड जातं, पण त्या क्षणी माझ्या हाती शुभवर्तमानं असती तर मीही एक आजोबा खोडला असता, आणि वर त्याला संशोधन म्हटलं असतं.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हात लांबवून वहीची पानं मागं उलटली, त्या जुन्या दोन ओळींच्या पानापर्यंत. मग दाराकडे तोंड करून, चुलतीकडे नव्हे, सरळ माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, "बाई, तुझं माहेर कुठलं?"

आमच्याकडे सुनेची नोंद या प्रश्नानं होते. त्यांना तिचं माहेर माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. तरी विचारल्याशिवाय, आणि घरच्या मोठ्यानं विचारल्याशिवाय, लिहिता येत नाही.

"येडशी, आप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज नीट होता.

"ल्ही," आप्पा हेळव्याला म्हणाले. "बायको, माहेर येडशी. ख्रिस्ताची माणसं. तेबी ल्ही." हेळव्यानं कानावरचं पेन काढलं. लिहून झाल्यावर आप्पा म्हणाले, "आता वरचं खोडशील का? म्या सांगितलं हुतं ते. म्याच म्हणतोय, खोड."

हेळवी काही बोलायच्या आत बायको दारातून म्हणाली, "राहू द्या, आप्पा. दोन्ही राहू द्या."

"लोक वाचतील की गं."

"वाचू द्या."

आप्पांनी टोपी घातली आणि हेळव्याला म्हणाले, "पुन्हा येशील तवा म्या असंन नसंन. दोन्ही वाच. एक गाळून वाचू नको." त्यांनी दाखल्याचा कागद माझ्या मांडीवरून उचलला, घडी करून खिशात ठेवला आणि त्याच्याविषयी त्या दिवशी एक शब्द काढला नाही. जेवताना त्यांनी माझ्या बायकोला भाकरी वाढायला सांगितली. दोनदा सांगितली, भूक नसताना.

परतताना गाडीत मी विचार करत होतो, शंभर वर्षांनी माझ्यासारखाच एखादा शहाणा ही वही उघडेल. त्याला दिसेल, एकाच माणसाचं लग्न नाही आणि लग्न आहे. तो म्हणेल, हिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोन्हींतली एक ओळ खोटी आहे, हे त्याचं बरोबरच असेल. पण तो जर त्या एका ओळीवरून वही मिटून ठेवणार असेल तर त्याला एका म्हाताऱ्याचा राग कळणार नाही, तो उतरला हे कळणार नाही, आणि येडशीची एक बाई या घरात होती हेही कळणार नाही. मी हे मोठ्यानं बोललो नाही. माझ्याच तोंडची जुनी वाक्यं मला ऐकू येत होती.

ईस्टरला येडशीला गेलो. बायकोनं आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे सासऱ्यांनी मला काही विचारलं नाही. चहा झाला, त्यांनी पुस्तक उघडलं. पहाट झाली, बायका कबरीकडे निघाल्या, आणि ते सवयीनं थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी कपात बघत राहिलो. या बायकांचा मेळ मला आजही लागत नाही, आणि कबरीत पुढं काय झालं याबद्दल मी आजही माझ्या सासऱ्यांसारखा ठाम नाही. पण चौघांच्या आकड्यांत फरक असला तरी चौघांनीही तिथं बायकाच आधी पोचवल्या आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी मोजण्यात गुंतलो होतो.

"विचारा की, जावईबापू," सासरे म्हणाले. "बाया किती?"

उत्तर बायकोनं दिलं. ती कप गोळा करत होती, थांबली नाही.

"किती का असंनात, बाबा. लिहिल्यात ना त्या."